शिकागोची मुतारी

जुलै लागला की माझ्या टेबलावर कोटवाल्यांचे फोटो येऊन पडायला लागतात. रोटरी-लायन्स क्लबांचे पदग्रहण सोहळे. गेल्या वर्षी याच सदरात मी त्या फोटोंतले बुके मोजले होते, त्यावर एका क्लबच्या माजी अध्यक्षांनी मला फोनवर अर्धा तास सेवा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांचा मान राखून यंदा मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं.

पण या आठवड्यात एक फोटो आला. मधोमध एक शिलाई मशीन. तिच्याभोवती एकोणीस माणसं. मशीनचं हँडल एक, हात एवढे. म्हणून पुढच्यांनी हँडल धरलेलं आणि मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्याला हात लावलेला, आरतीच्या ताटाला लावतात तसा. जिच्यासाठी हे मशीन, ती बाई डावीकडच्या टोकाला, निम्मी कापली गेलेली. खालच्या मजकुरात एकोणिसांची नावं, पदांसह, कोणाची झोन चेअरमनपदी निवड झाली त्यासह. बाईचं नाव ‘एक गरजू महिला’. बुके अकरा. (मोजलेच. सवय जात नाही.) माझा अंदाज असा की मशीनपेक्षा बुके महाग पडले असावेत. पुरावा विचाराल तर फोटो, दुसरा काही नाही.

नावावरून आठवलं. ११ जानेवारी २०१९ ला आमच्या यवतमाळात ९२व्या मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा. त्या दिवशी माइक तिच्या हातात होता आणि सगळे मान्यवर ऐकत होते. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला नाव असतं आणि तिला बोलताही येतं, हे तेव्हा महाराष्ट्रानं पाहिलं. क्लबच्या फोटोग्राफरला अजून दिसायचं आहे.

या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याच दिवशी पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांची जयंती, म्हणजे कृषी दिन. शेतकऱ्याचा होता नव्हता तेवढा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो, पाऊस दडी मारतो की काय म्हणून तो आभाळाकडे बघत असतो, आणि शहरात हॉलमध्ये कॉलरला पिना लागत असतात. त्यातली एक पिन रोटरी फाउंडेशनला हजार डॉलर दिले की मिळते. देणाऱ्याला ‘पॉल हॅरिस फेलो’ म्हणतात. हजार डॉलर म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. तो पैसा कामालाच लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण त्या पॉल हॅरिसला विसरण्याशी आहे.

आता गाडगेबाबा येणार हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलं असेलच. लेखात ते आले नाहीत तर संपादक तब्येत विचारतात. पण यंदा मी त्यांना ओढून आणलेलं नाही, तारखांनी आणलंय.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी झिंगराजी जानोरकर, पुढं ज्याला लोक गाडगेबाबा म्हणू लागले तो, घर सोडून निघाला. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात झाडू. पुढं तीन आठवड्यांनी, २३ फेब्रुवारीला, शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनिअर, एक शिंपी. (शिलाई मशीनचा उगम तिथं असेल तर मला कल्पना नाही.) हे चौघे पाळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत बसायचे, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला एकमेकांना धंदा मिळवून देणं हाच मोठा उद्योग. आपल्याकडची भिशीच म्हणा ना. आणि २३ फेब्रुवारी ही डेबूजीची जन्मतारीख. शिकागोत पहिली बैठक बसली त्या दिवशी त्याला २९ वर्षं पूर्ण झाली होती.

आता या शिकागोकरांनी पहिलं समाजकार्य कोणतं केलं? वह्यावाटप नाही, ब्लँकेट नाही. १९०७ साली त्यांनी शहरात सार्वजनिक मुतारी मागितली, नगरपालिकेच्या इमारतीजवळ. विरोध कोणी केला? बिअर गाळणाऱ्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी. त्यांचं म्हणणं, आमच्या गुत्त्यात आणि दुकानात सोय आहे की, लोकांनी तिथं यावं. म्हणजे लघवीला जायचं तर आधी पेला घ्या! (आपल्याकडं हा मुद्दा अजून कोणाला सुचला नाही. दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या जिल्ह्यातल्या बायाबापड्यांच्या कानावर घालू नका.) चांगला दोनेक वर्षं रेटा लावून त्यांनी ती मुतारी उभी केली. कोट घालूनच केली. कोटाचं आणि माझं वैर नाही.

इकडं बाबा गावात शिरले की आधी झाडू. दिवसभर गल्ली झाडायची, संध्याकाळी कीर्तनात त्याच गल्लीवरून लोकांना बोल लावायचे. हार घालू देत नसत, पाया पडायला वाकलेल्याला काठी. लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःला झोपडीसुद्धा बांधली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन मोकळे झाले. आजही आपल्याकडचा कॅन्सरचा पेशंट मुंबईला टाटात गेला की त्याची माणसं दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेचा पत्ता विचारतात. बाबा जाऊन किती वर्षं झाली? २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गेले.

एक चिंध्यांतला, एक कोटातला. दोघांनी एकाच महिन्यात सुरुवात केली आणि दोघांनी आधी घाणीला हात घातला. मग आमच्या क्लबांचा हात शिलाई मशीनच्या हँडलपाशीच का थांबतो? मला वाटतं, गोम त्या १ जुलैत आहे. अध्यक्ष एका वर्षाचा. मशीन एकदा दिलं की विषय संपला, फोटो अल्बममध्ये गेला. मुतारीला रोज पाणी लागतं, झाडणारा लागतो, त्याचा पगार लागतो, बल्ब गेला तर बल्ब लागतो. फीत कापणारा अध्यक्ष ३० जूनला माजी होतो आणि नव्याला आपली वेगळी फीत हवी असते. जुन्याच्या नळाला पाणी आहे की नाही हे बघायला त्याला कोण टाळ्या देणार?

जमत नाही असंही नाही. पोलिओचं घ्या. रोटरीनं १९८५ मध्ये ते काम अंगावर घेतलं, आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्त ठरवलं. मधे किती अध्यक्ष आले नि गेले असतील! सरकारी यंत्रणेनं, आशाताईंनी, अंगणवाडीनं राबराब राबून ते केलं हे खरंच, पण रोटरीवाले त्यातून मधेच उठून गेले नाहीत. त्या कामाला मी टोपी काढतो, आणि मी सहसा काढत नाही.

आता पुन्हा मुतारीकडं. परवा बाजारात नेहमीच्या मावशीकडं भाजी घेत होतो. खेड्यावरून पहाटेच्या गाडीनं येते, अंधार पडल्यावर परतते. पाण्याची बाटली भरलेलीच दिसली म्हणून विचारलं. म्हणाली, “पानीच नाई पेत भाऊ मी बजाराच्या दिवशी. मंग जाची आफतच नाई.” शेजारच्या दोघी हसल्या. त्यांच्याही बाटल्या भरलेल्या होत्या.

रोटरीच्या नियमावलीत १९८९ पर्यंत सभासद म्हणजे फक्त पुरुषच होता. आता व्यासपीठावर त्या आहेत, काही ठिकाणी अध्यक्षही आहेत. भरलेल्या बाटलीचा अर्थ त्यांना मी सांगायला नको.

तर नव्या अध्यक्षांना आणि अध्यक्षाबाईंना, रोटरी असो की लायन्स, विनंती आहे. दांडिया नाइट करा, हाउसी करा, स्मरणिकेला जाहिराती गोळा करा, मीही एक देतो. त्या पैशातून आठवडी बाजारात बायकांसाठी एक शौचालय बांधा आणि निम्मी रक्कम पुढच्या पाच वर्षांच्या झाडणाऱ्याच्या पगारासाठी बँकेत ठेवा. उद्घाटनाला मला बोलावू नका. पुढच्या जुलैत, तुमचं पद गेल्यावर, एका बाजाराच्या दिवशी मी मावशीला घेऊन येईन. ती आत जाऊन नळ सोडून बघेल, मी बाहेर थांबतो.