खोट्या मेसेजचाही ताळेबंद मांडा

हिवरे बाजार म्हटलं की पाणलोटाची चर्चा होते. मला मात्र तिथला पाण्याचा ताळेबंद जास्त मोलाचा वाटतो. पाऊस मोजायचा, माणसा-जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. आकडा गावाचा, निर्णयही गावाचा.

आता गळती दुसरीकडून लागली आहे. ‘पीएम किसानचा हप्ता थांबला आहे, सोबतची फाईल उघडा’ असा मेसेज येतो. फाईलच्या नावाशेवटी एपीके असतं. ती फोनमध्ये टाकली की ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतो. माझ्या सज्यातल्या एका शेतकऱ्याचे कांद्याचे पैसे असेच गेले. चार दिवस त्यानं घरातसुद्धा सांगितलं नाही.

असे मेसेज ओळखायला संगणकाला शिकवता येतं. पण नुसते शब्द देऊन भागत नाही. ‘हप्ता’ दिसला की अडव म्हटलं, तर खरा सरकारी मेसेजही अडेल! त्याला नाती सांगावी लागतात: हप्ता योजनेचा असतो, तो बँक खात्यात जमा होतो, त्यासाठी अनोळखी फाईल उघडावी लागत नाही. जाणकार या मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. आपण अर्थाची वंशावळ म्हणू. जागतिक अन्न व कृषी संघटनेने शेतीच्या संज्ञांचा ‘ॲग्रोव्होक’ कोश १९८०च्या दशकातच सुरू केला. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांचं जाळं, म्हणजे ‘वर्डनेट’, तयार झालं आहे. पाया आहे म्हणायचा.

पण चोर काही पुस्तकी मराठी लिहीत नाही. ‘पैशे अडकलेत’, ‘खातं बंद व्हईल’, कधी इंग्रजी अक्षरांत मराठी. हे नमुने कोशात कुठून येणार? ते तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहेत.

म्हणून माझं मत असं की, प्रत्येक ग्रामपंचायतीने खोट्या मेसेजची एक वही ठेवावी. मजकूर जसाच्या तसा, तारीख, पाठवणारा नंबर. ज्याला मेसेज आला त्याचं नाव, आधार, खातं मात्र लिहू नये. नाहीतर वहीच चोराच्या कामी यायची. वर्षातून एकदा ती ग्रामसभेत वाचावी आणि सायबर पोलिसांना व मराठीवर काम करणाऱ्या संस्थांना द्यावी.

तोवर संशयित मेसेज पुसू नका. ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’ सोयीत कळवा; ती २०२४ पासून आहे. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन लावा.