डोंगरांतील नवें घर

डोंगराळ मुलुखांत स्वतःचें एक टुमदार घर असावें, ही हौस अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत दिसून येते. हौस वाईट नाहीं. परंतु शहरांतील सिमेंटचा सांगाडा जसाच्या तसा तेथें नेऊन उभा करणें, यालाच आपण आधुनिकता समजतों, हें मात्र विचार करण्यासारखें आहे.

लडाखांत लेहजवळच्या शे गांवीं द्रुक पद्म कार्पो ही शाळा आहे. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' चित्रपटामुळें ती अनेक वाचकांनीं पडद्यावर पाहिलीही असेल. तिचे आराखडे लंडनच्या 'अरुप असोसिएट्स' या शिल्पज्ञ मंडळीनीं केले व पहिल्या इमारती २००१ सालीं खुल्या झाल्या. सुमारें साडेतीन हजार मीटर उंची, कडक हिवाळा आणि सरपणाचें दुर्भिक्ष! अशा जागीं त्यांनीं साहित्य बहुतांशीं तेथलेंच वापरलें: दगड, माती आणि लांकूड. नवें होतें तें त्यामागील गणित. वर्गांचीं तोंडें दक्षिणेस, पण किंचित पूर्वेकडे कललेलीं. त्यामुळें सकाळच्या उन्हानेंच खोल्या ऊबदार होऊं लागतात. वसतिगृहाच्या दक्षिण भिंतीपुढें थोडें अंतर सोडून कांच बसविली आहे. दिवसां भिंत ऊन पिते आणि रात्रीं तीच ऊब आंत सोडते. प्रदेश भूकंपाचा, म्हणून जड छपराचा भार भिंतींवर न टाकतां लांकडी चौकटीवर तोलला आहे. पाणी दुर्मिळ, म्हणून शौचकूपही बिनपाण्याचे.

तरीही निसर्गानें परीक्षा घेतलीच. ऑगस्ट २०१० मध्यें लेहवर ढगफुटी झाली, अनेक माणसें दगावलीं व चिखलाचा लोट या शाळेंतही शिरला. घर कितीही विचारपूर्वक बांधलें, तरी डोंगराचें पाणी कोणत्या वाटेनें उतरेल, हा प्रश्न जागा निवडतांनाच सोडवावा लागतो.

यावरून महाबळेश्वरीं कोणीं मातीचें धाबें घालूं नये! लेहला वर्षाकाठीं जेमतेम चार इंच पाऊस, तर महाबळेश्वरीं दोनशे इंचांहून अधिक. येथें उंच जोतें, जांभ्याच्या भिंती, उतरतें छप्पर व रुंद पागोळीच हवी. अनुकरण करावयाचें तें घराचें नव्हे, विचाराचें. म्हणून गवंड्यास बोलावण्यापूर्वीं एक पावसाळा त्या जागेवर जाऊन पाहावा, गांवच्या वृद्धांना चार प्रश्न विचारावे आणि मगच नकाशा काढावयास बसावें.