असमतेचा आलेख : नियम की पडताळा?

समीकरणाचा आलेख काढावयास शिकलेला विद्यार्थी असमतेच्या आलेखापाशी आला की बहुधा अडखळतो. समीकरणात त्याने दोन बिंदू शोधले, पट्टी ठेवून रेषा आखली आणि काम संपले. असमतेत रेषा ही केवळ हद्द असते. तिच्या एका अंगास पसरलेला सगळा प्रदेश हे उत्तर होय. अशा वेळी पुष्कळदा त्याच्या हाती एक सोपा नियम दिला जातो : चिन्ह ‘मोठे’ असेल तर रेषेच्या वरचा भाग रंगवावा, ‘लहान’ असेल तर खालचा. या नियमाने विद्यार्थ्याचे नुकसानच होते, आणि ते लवकर ध्यानात येत नाही हे अधिक वाईट.

क्ष − य > २ ही असमता घ्यावी. नियमावर विसंबणारा मुलगा वरचा भाग रंगवील. परंतु रेषेच्या वर असलेल्या (०, ०) या बिंदूच्या किमती घातल्या तर ० > २ असे असत्य विधान मिळते. रेषेखालील (४, १) घेतल्यास ३ > २, हे सत्य. य धन चिन्हासह एकटा डावीकडे असेल तेव्हा तो नियम भरवशाचा, आणि नेमकी हीच अट विसरली जाते.

पडताळ्याची रीत अशी फसवीत नाही. रेषेवर नसलेला कोणताही एक बिंदू घेऊन त्याच्या किमती असमतेत घालाव्यात. विधान खरे ठरल्यास त्या बिंदूची बाजू रंगवावी, न ठरल्यास दुसरी. (रेषा आरंभबिंदूतून जात नसेल तर तोच सर्वांत सोयीचा.) एकच बिंदू पुरतो, कारण रेषा ओलांडल्यावाचून विधानाचे खरेखोटेपण बदलत नाही. ‘किंवा समान’ असे असेल तर हद्दही उत्तरात येते व रेषा अखंड काढतात. नसेल तर तुटक.

वही २० रुपयांस, पेन्सिल ५ रुपयांस आणि जवळ ६० रुपये, असे उदाहरण वर्गात द्यावे. वह्या क्ष व पेन्सिली य मानल्यास ४क्ष + य ≤ १२. रेषा (३, ०) आणि (०, १२) यांतून जाते. अर्धी वही कोणी विकत नाही. म्हणून रंगवलेल्या त्रिकोणातील, कडांसह, पूर्णांकी बिंदूच तेवढे मोजावयाचे. ते २८ भरतात. एका प्रश्नास २८ उत्तरे असू शकतात, हे मुलांस आलेखकागदावर स्वतः मोजू द्यावे. सांगून टाकू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००६ सालच्या अकरावीच्या पुस्तकात रेषीय असमतांचे प्रकरण आले. तोवर थांबण्याचे कारण दिसत नाही. प्लायवूड उद्योगातील यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी, या प्रश्नातून लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ साली जे गणित उभारले, त्याच्या मुळाशी अशाच असमता आहेत.

ऋण संख्येने भागल्यास चिन्ह उलटते, हे लहान मुलांस जड जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण पडताळ्यास भागाकार लागतच नाही. किंमत घालणे व तुलना करणे एवढेच लागते, आणि तेवढे सातवीच्या मुलास येते.