खाली दुकान, वर घर

नंदुरबारचा माणिक चौक म्हणजे बालक्रांतिकारक शिरीषकुमारच्या १९४२ च्या हौतात्म्याची जागा. अशा जुन्या पेठेत इमारत पाडून खाली गाळे, वर सदनिका बांधायच्या, तर मला त्यात वावगे वाटत नाही. खाली दुकान, वर घर ही आपल्या पेठांची जुनीच रीत. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनेही तिला वाट दिली आहे. काळजी वाटते ती वर्षानुवर्षे भाड्याने बसलेल्या मसालेवाल्याची, शिंप्याची. गिऱ्हाईक त्यांनी जोडले, म्हणून तर जागेला मोल आले! भाडेकरूला नव्या इमारतीत परत जागा देण्याची तरतूद १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. गाळेधारकांनो, लेखी, नोंदणीकृत करार हाती आल्याशिवाय किल्ली देऊ नका.