समुद्राची सहल ठरवताय? गाडीच्या आधी तिथी बघा, बोटीच्या आधी जॅकेट बघा

पाली (ता. राजगड) : राजगडाच्या पायथ्याच्या गावांना पर्यटक नवे नाहीत. शनिवार-रविवार आला की पाली, वाजेघर, गुंजवणे या वाटांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसतात. पण उलटा प्रवासही होतो. भाताची कापणी-झोडणी उरकली, हातात चार पैसे आले की बचत गटाच्या बायका, तरुण मंडळं, भावकीतली चार घरं कोकणात निघतात. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ही नेहमीची ठिकाणं. हरिहरेश्वरचा काळभैरव घाटावरच्या कितीतरी घराण्यांचा देव. त्यामुळे देव आणि दर्या एकाच फेरीत होतात.

सहलीची बैठक बसली की गाडी ठरते, जेवण ठरतं, मुक्काम ठरतो, वर्गणी ठरते. पाण्यात कधी उतरायचं, बोटीत किती जणांनी बसायचं, हे मात्र कोणीच ठरवत नाही. ते तिथं गेल्यावर बघू म्हणतात. आजवरच्या दुर्घटना पाहिल्या तर बहुतेक जीव याच न ठरवलेल्या भागात गेले आहेत.

काय काय घडलं

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. त्यातले १४ विद्यार्थी बुडाले. बोट नव्हती, वादळ नव्हतं. मुलं नुसती पाण्यात उतरली होती.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तो तर शहरातला तलाव होता, समुद्र नव्हे.

त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर, उजनीच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहत काठाला लागला.

आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ जणांचा जीव गेला. इथं चूक प्रवाशांची नव्हती. तरीही एक गोष्ट पुढे आली. बोटीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती आणि धडक बसली तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं.

या चार घटनांची कारणं वेगवेगळी आहेत. पण जॅकेट, बोटीतली गर्दी, वारा-पाण्याचा अंदाज आणि 'थांबा' म्हणणारा जबाबदार माणूस, या चारपैकी काहीतरी प्रत्येक वेळी कमी पडलं. या चारही गोष्टी गावातूनच ठरवून निघता येतात.

विहिरीत पोहणारा दर्यात का फसतो

मावळातला पोरगा विहिरीत, डोहात पोहायला शिकतो. त्याला पाण्याची भीती नसते आणि घात होतो तो इथंच. विहिरीचं पाणी उभं असतं. तिथं दमलं तर कठडा हाताला लागतो. समुद्राचं पाणी सतत कुठेतरी निघालेलं असतं. लाटेनं किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या ठिकाणाहून जोरात परत आत जातं. वरून तो पट्टा शांत दिसतो, तिथं लाट फुटत नाही. नवखा माणूस नेमका तीच जागा बरी म्हणून उतरतो.

अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ हात मारू नयेत. पट्टीचा पोहणाराही दोन-चार मिनिटांत दमतो. अंग सैल ठेवून तरंगायचं, किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं. ओढीचा पट्टा फार रुंद नसतो. तो संपला की लाटाच किनाऱ्याकडे आणतात. दुसरा बुडताना दिसला तर मागून उडी टाकायची नाही. दोर, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, काहीही तरंगणारं फेकायचं.

धरणाचं पाणीही भुलवतं. मे २०२२ मध्ये भोर तालुक्यातल्या नऱ्हे गावाजवळ भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच तरुण महिला बुडाल्या. बुडालेल्या शेताचा बांध संपला की पुढचं पाऊल एकदम खोलात जातं. वरून ते दिसत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरती

कोकणातला खलाशी भरतीची वेळ मोबाईलशिवाय सांगतो. हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, तीनने गुणायचा, चारने भागायचा. येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. नक्की वेळ गावातल्या कोळ्याला किंवा जेटीवर विचारावी.

उदाहरण घ्या. दशमी असेल तर दहा त्रिक तीस, भागिले चार, म्हणजे साडेसात. सकाळी साडेसातला भरती, दुपारी दीडच्या आसपास ओहोटी. हरिहरेश्वरच्या मंदिरामागची प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून समुद्राच्या खडकांवर जाते. भरतीला लाटा त्या खडकांवर येतात आणि माणूस ओढला जातो. दशमीला ही प्रदक्षिणा बारा ते दोनमध्ये करता येते. पौर्णिमेला मात्र साडेअकरा-बाराला ऐन भरती असते. सकाळी निघालेली गाडी तेव्हाच पोचते, दर्शन होतं आणि सगळे तसेच प्रदक्षिणेला निघतात. पौर्णिमेला देवदर्शन करावं, पण खडकांवर जाऊ नये.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरानं उतरतं. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असते, तिला भांगाची भरती म्हणतात. पोरंबाळं घेऊन जायचं असेल तर सहल या दिवसांत धरलेली बरी. ओहोटी लागलेली असताना, म्हणजे पाणी उतरत असताना, खोल जायचं नाही. अंधार पडायच्या आत सगळे वाळूवर. पाणी गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत. त्याच्यापुढे हौस नको.

बोटीत बसण्याआधी

जंजिऱ्याला राजपुरीच्या जेटीवरून बोटी जातात. घारापुरीला गेटवेवरून. बोटीची हौस स्वस्तात भागवायची असेल तर हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीच्या खाडीतून वेश्वीला जाणारी फेरीबोट आहे. तिच्यात गाडीही चढते. दिघी ते आगरदांडा फेरीबोटीनं श्रीवर्धनकडून मुरूडला जाता येतं आणि मोठा वळसाही वाचतो. मुंबईकडून जाणाऱ्यांना भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट मार्च २०२० पासून आहे. गोव्याला गेलेले गट संध्याकाळी पणजीला मांडवी नदीतल्या मोठ्या बोटीवर नाच-गाणी बघतात.

बोट कुठलीही असो, प्रश्न तेच. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा लिहिलाय का? माणसागणिक जॅकेट आहे का, लहान मुलांच्या मापाचं आहे का? पट्टे बांधता येतात की तुटलेत? खलाशी शुद्धीत आहे का? तिकीट मिळतं का? तिकीट असेल तर अपघातानंतर माणूस बोटीत होता याचा पुरावा राहतो. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नं १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्यात बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा यांची तरतूद आहे. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

जादा माणसं भरण्याचा दोष फक्त बोटवाल्याला देऊन चालत नाही. "सगळे एकाच बोटीत बसू, फोटो चांगला येईल," असा हट्ट गटच धरतो. चाळीस माणसं आणि पंचवीसची बोट असेल तर दोन फेऱ्या होणारच. त्यासाठीचा तासभर वेळापत्रकात आधीच धरला की घाई होत नाही. पावसाळ्यात, साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर, जलदुर्गांच्या बोटी बंद असतात. त्या काळात कोणी गुपचूप नेतो म्हणाला तर नाही म्हणायचं.

रस्ता आणि पैसा

पालीहून जवळचा रस्ता भोर, वरंध घाट, महाड असा. वाटेत शिवथरघळ होते. पाच-सहा तास धरावेत. पण हा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद होतो, जड वाहनांना मनाई असते. निघायच्या आदल्या दिवशी भोर किंवा महाड पोलिसांकडे चौकशी करावी. दुसरा रस्ता पुण्याला वळसा घालून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरतो.

मोठ्या गटाला एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. खासगी गाडी असेल तर परवाना, विमा आणि चालकाची झोप, तिन्ही बघा. रातोरात जाऊन सकाळी दर्शन, दुपारी समुद्र आणि रातोरात परत, या बेतात एक मुक्काम वाचतो, पण घाटात चालक पेंगतो. कमी माणसं असतील तर नियमित एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना मोफत. तेवढ्या वाचलेल्या पैशात मुक्काम निघतो.

मोबाईलवर स्वस्त कॉटेजची जाहिरात दिसली की लगेच पूर्ण पैसे पाठवू नयेत. गुगल नकाशावर जागा बघावी, गावातल्या ओळखीच्याकडून खात्री करावी. फसवणूक झालीच तर १९३० वर तातडीनं कळवावं. जमाखर्च गटाच्या व्हॉट्सअॅपवर रोज टाकला की परत आल्यावर भांडण होत नाही.

हीच शिस्त आपल्या पाण्याला

हा विषय फक्त कोकणापुरता नाही. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा देवघर, एवढं पाणी आपल्या दोन तालुक्यांत आहे. त्याच्या काठावर शहरातली माणसं येतात आणि बोटिंग मागतात. गावातल्या पोरांना हा धंदा खुणावतो आणि त्यात चूक काही नाही. जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांना त्या पाण्यातून रोजगार मिळाला तर तो हक्काचाच आहे.

पण धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं. परवानगी, नोंदणी, विमा, जॅकेट हे सगळं धरून हिशोब मांडला तरच धंदा टिकेल. बिनपरवाना बोट एकदा उलटली की बोटवाला तुरुंगात जातो आणि सगळ्या काठावरचा धंदा बंद पडतो. ग्रामपंचायतीनं तरुणांचा गट करून, एकत्र परवानगी मागितली तर एकट्याचा खर्च कमी होतो. जो तरुण राजपुरीच्या जेटीवर जॅकेट मागायला शिकेल, तोच उद्या आपल्या काठावर ते द्यायला विसरणार नाही.

तूर्तास या हंगामातल्या सहलींसाठी एवढं करता येईल. दर दहा माणसांमागे एक जबाबदार माणूस नेमा. तो पाण्यात उतरणार नाही, पिणार नाही, मोजणी करेल. पाण्यात जाताना किती, बाहेर किती, गाडीत किती. आणि हे नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या : आपत्कालीन मदत ११२, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४.