मांजर गप्प, माणसे बडबडी

१९४० साली हॅना आणि बार्बेरा यांनी पडद्यावर आणलेल्या टॉम-जेरीला हसवण्यासाठी फारसे बोलावे लागले नाही. ‘द कॅट कॉन्सर्टो’ने तर एक पियानो आणि लिस्टचे संगीत एवढ्याच भांडवलावर ऑस्कर पटकावले. २०२१च्या चित्रपटात मात्र न्यूयॉर्कचे आलिशान हॉटेल आहे, भारतीय थाटाचे लग्न आहे, हत्तीसुद्धा आहेत. नाही ती जुनी धमाल! माणसेच सारखी बोलत राहतात आणि मांजर-उंदराची जोडी आपल्याच घरी पाहुण्यासारखी वावरते. इंग्रजी न कळणारी आजी आणि अक्षरओळख नसलेला नातू ज्या गमतीवर एकाच वेळी खळखळून हसायचे, ती शब्दांच्या गर्दीत हरवली. मग नव्याने बनवून मिळवले काय?