नाक्यावरची चाळीस मिनिटं

कमांड हॉस्पिटलमध्ये वार्षिक मेडिकल उरकून परतताना ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या एका औषधाच्या दुकानात थांबलो. शेजारी येमेनचे एक गृहस्थ होते, हातात मुलाचे रिपोर्ट. उपचारांसाठी बंगळूरला येणारे असे लोक आता नवे नाहीत. पोराच्या हृदयाला छिद्र होतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, डॉक्टरांनी इकडे जायला सांगितलं, जमीन विकून पैसे उभे केले. अवघड होता तो रस्ता.

सनाचा विमानतळ ऑगस्ट २०१६ मध्ये प्रवासी विमानांना बंद झाला. मे २०२२ मध्ये उघडला, तोही मोजक्या उड्डाणांपुरता. म्हणून आजारी पोराला घेऊन ते रस्त्याने एडनला गेले, नाक्यामागून नाके ओलांडत.

"प्रत्येक नाक्यावर गणवेश वेगळा, प्रश्न तेच."

मी गणवेशातच होतो. काय बोलावं सुचेना.

कारण नाक्यावर मीही उभा राहिलो आहे. कॅप्टन होतो, सीमेजवळच्या एका जिल्ह्यात. रात्री एक टॅक्सी आली, आत अडलेली बाई. तशाच गाडीतून हत्यारं येणार अशी खबर होती. मी सगळ्यांना उतरवलं, गाडी पुरती तपासली. चाळीस मिनिटं गेली. काही सापडलं नाही. बाई वाचली, असं नंतर कळलं. बाळाचं विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

हॉस्पिटलवर बॉम्ब पडला की बातमी होते. चाळीस मिनिटांची होत नाही. १९४९ चे जिनिव्हा करार आहेत. आरोग्यसेवेच्या रक्षणासाठी सुरक्षा परिषदेने ३ मे २०१६ रोजी ठराव २२८६ केला. पण ठराव न्यूयॉर्कमध्ये होतो. पाळायचा असतो तो नाक्यावरच्या विशीतल्या पोराने. त्याला आपण हत्यार हुडकायला शिकवतो. पेशंट ओळखायला किती शिकवतो?

तपासणी नको, असं मी म्हणणार नाही. पेशंटच्या आडून हत्यारं नेली जातात, हेही खरं. पण पेशंट आणि गाडी वेगळी करता येतात. पेशंटची झडती दोन मिनिटांत घ्या, त्याला आपल्या गाडीत घाला, सोबत नर्सिंग असिस्टंट द्या आणि पुढे काढा. त्याची गाडी मागे ठेवून हवी तितकी तपासा. हे त्या रात्रीही जमलं असतं. आमची गाडी दहा पावलांवर उभी होती.

आपला जवान जखमी झाला की आपण पहिल्या तासासाठी जिवाचं रान करतो, हेलिकॉप्टर मागवतो. तो तास नाक्यापलीकडच्या माणसाचाही असतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पेटलेल्या चीनमध्ये रुग्णांपर्यंत चालून गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आपल्याकडून कुणी तेवढं मागत नाही. रुग्णाची वाट अडवू नये, एवढंच.